लिफाफ्यातली हळद

२० एप्रिल २००९, सोमवार

सकाळी तांड्यावरून मिराबाई आणि तिचा नवरा गुलाबसिंग आले. खुर्ची दाखवली तरी मिराबाई पायरीवरच बसते. आखाडा बाळापूरच्या पोस्टात मी सबपोस्टमास्तर होते, तेव्हाही ती काउंटरखाली उकिडवी बसायची आणि नंबर आला की उठायची. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, ती अजून 'पोस्टबाई' म्हणते.

तांड्यावरच्या सव्वीस बायकांनी यंदा मिळून हळद लावली होती. शिजवून, वाळवून, ड्रममध्ये घासून आता पोत्यांत भरली आहे.

"व्यापारी येतो, कांडी चावतो अन् थुकतो. म्हनतो, ओली हाय," मिराबाई म्हणाली. "दिवाळीपत्तुर ठिवली तर भाव येईल. पर ठिवावी कुठं? पत्र्याखाली किडं लागतेत."

गुलाबसिंग हसला. "आमचे पणजे बैलांवर लोकाचा माल लादून निजामाबादपत्तुर न्यायचे, बाई. लोकाचं एक पोतं कधी हरवलं न्हाई. अन् आता सोताचं ठिवायला जागा न्हाई."

मी सूर्यकांतचं नाव सुचवलं. हा माझ्या चुलत बहिणीचा मुलगा. नांदेडच्या एका दलालाचं काम इथे कळमनुरीत, बसस्टँडवरच्या माडीत बसून पाहतो. मागे तो सांगत होता की हिंगोलीजवळच्या गोदामात माल ठेवायचा, माल तपासून पावती मिळते, आणि ती पावती हीच माल समजायची. भाव आला की पावती विकायची, पोती हलवायची गरज नाही.

"पावती तुमच्यापाशी ऱ्हाईल?" मिराबाईनं विचारलं.

"माझ्यापाशी राहील."

"मंग ठीक."

तिनं दुसरं काही विचारलं नाही. मला ते आवडलं. आता लिहिताना वाटतं, विचारायला हवं होतं.

२४ एप्रिल, शुक्रवार

ट्रकबरोबर हिंगोलीच्या गोदामात गेले. मिराबाई आणि आणखी चौघी मागे पोत्यांवर बसल्या. एकशे ब्याऐंशी पोती उतरली.

या बायका पोत्याचं तोंड सुतळीनं शिवतात, पण शेवटचा टाका प्रत्येकीचा स्वतःच्या रंगाचा. मिराबाईचा दोरा तांबडा आणि पिवळा, गाठ मोराच्या पायासारखी. गोदाम सांभाळणारा देविदास जाडजूड, घामाघूम माणूस. तो म्हणाला, "ही नक्षी कशाला काढली? आमी प्रत बघतो, दोरा न्हाई. हे पोतं काय अन् ते काय, एका प्रतीचं समदं सारखंच."

"लेकरंबी सारखीच दिसतेत, भाऊ. साळंतून आनताना आपलंच आनतो न्हवं?"

हमाल हसले. देविदासही हसला.

पावती माझ्या हातात आली. नंबर, प्रत, वजन, शिक्का, तारीख. सगळं जागच्या जागी. पोस्टात तीस वर्षं मी हेच केलं. ज्याच्या हातात पावती, त्याचं पार्सल. मग बाहेर कोणी कितीही रडो.

२ मे, शनिवार

सूर्यकांत म्हणतो, कागदी पावती जुनी झाली. ती जमा करायची आणि कम्प्युटरवरच्या खात्यात चढवायची. खातं बायकांच्या नावानं निघत नाही. पॅन कार्ड लागतं, सही लागते. मिराबाईचा अंगठा. म्हणून खातं माझ्या नावानं. तांड्यावर जाऊन सर्वांसमोर सांगितलं. कोणी हरकत घेतली नाही.

दुपारी सूर्यकांत फॉर्म घेऊन घरी आला. मिराबाई पायरीवर होती. प्रत्येक पानावर त्यानं पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती. फुली तिथे सही. इंग्रजी, अगदी बारीक टाइप. पहिली चार पानं मी नीट वाचली, स्पेलिंगची एक चूकही काढून दिली. पुढे डोळे दुखू लागले. शेवटी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर दोन सह्या.

"हे कशाला?"

"फॉर्मॅलिटी, मावशी. नाहीतर दर वेळी तुम्हाला नांदेडला यावं लागेल."

नांदेडची एस.टी. आणि माझे गुडघे. केल्या.

एकूण बावीस सह्या. बावीसही एकसारख्या. सूर्यकांत म्हणाला, "मावशी, झेरॉक्स काढल्यासारख्या." माझ्या वयाच्या बायकांचे हात थरथरतात. माझा थरथरत नाही.

मिराबाई पायरीवरून म्हणाली, "इतक्या सह्या लागतेत? आमचा तर एक अंगठा घेतेत, तेवढ्यात जमीन जाते."

कागदी पावती दिल्याची पावती सूर्यकांतकडून लिहून घेतली. तो हसत होता. हसू दे.

१८ मे, सोमवार

मुंबईहून रजिस्टरनं लिफाफा आला. काळसर, चारी बाजूंनी चिकटवलेला. आत गुप्त क्रमांक आहे, फाडल्याशिवाय दिसत नाही. सूर्यकांतला फोन केला. म्हणाला, "जपून ठेवा मावशी, तीच तुमच्या खात्याची किल्ली. घाई नाही."

मी विचार केला. गुप्त क्रमांक कोणी पाहिला की तो गुप्त राहत नाही. मीसुद्धा त्यात आले. सव्वीस बायकांचा माल. उद्या कोणी म्हणेल, बाईंना नंबर ठाऊक होता. तेव्हा विकायच्या दिवशी सर्वांसमोर उघडायचा, तोवर नाही. लाख वितळवून लिफाफ्यावर तीन ठिकाणी लावली आणि माझा पितळी शिक्का मारला. (हा शिक्का माझा स्वतःचा. पोस्टाचा मी निवृत्तीच्या दिवशी जमा केला.) लिफाफा ट्रंकेत.

२२ मे, शुक्रवार

मिराबाई आली होती. लिफाफा दाखवला. तिनं लाखेवरून बोट फिरवलं, लिफाफा कानाशी हलवून पाहिला.

"ह्यात हाय?"

"यात आहे."

"एकशे ब्याऐंशी?"

"सगळी."

ती खूप वेळ हसली. मीही हसले असावे.

१२ जून, शुक्रवार

मिराबाई दर शुक्रवारी कळमनुरीला काही ना काही कामानं येते आणि लिफाफा पाहते. शिक्के मोजते, तीन. मग पाणी पिऊन जाते. आज बरोबर मंजुळाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिनं लिफाफ्याला नमस्कार केला. मी रागावले. हा कागद आहे, देव नाही.

हळदीचा भाव चढतो आहे. पेपरात रोज येतं.

९ जुलै, गुरुवार

टपालानं खात्याचा उतारा आला. एकच पान. माझं नाव, खाली दोन ओळी. पहिल्या ओळीत माल जमा, दुसऱ्या ओळीत तोच आकडा परत, पुढे इंग्रजीत दोन-चार अक्षरं, आणि शेवटच्या रकान्यात शून्य. सूर्यकांतला बोलावलं.

"मावशी, तो पूल खात्यात, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र खात्यात ठेवलाय. नांदेडच्या साहेबांच्या. तारण म्हणून राहतो, सगळ्यांचाच राहतो. माल जागेवरून हललेला नाही, हवं तर बघून या."

पान हातात धरताना त्याची बोटं ओली होती. उकाडा फार आहे.

१० जुलै, शुक्रवार

बघून आले. सकाळच्या गाडीनं हिंगोली. देविदासनं कुलूप काढलं. सगळी पोती थप्पीला, जमिनीला फळ्या टाकलेल्या. तांबडा-पिवळा टाका मी स्वतः मोजला. मिराबाईची अकराच्या अकरा.

माल जागेवर आहे. डोळ्यांनी पाहिला. विनाकारण मुलावर शंका घेतली याची लाज वाटली.

परत येऊन मिराबाईला शिक्के दाखवले. तीन.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

काल पोळा झाला. तांड्यावरून पुरणपोळ्या आल्या. भाव एप्रिलपेक्षा किती चढला ते गुलाबसिंग रोज बाळापूरच्या चहाच्या हॉटेलात विचारून येतो. म्हणाला, "बाई, लिफाफा जड झाला आसंल. ट्रंकेची कडी तपासा."

बायकांचं ठरलं आहे: दिवाळीआधी विकायची, आणि हळद शिजवायची कढई आणि घासायचा ड्रम स्वतःचा घ्यायचा. दर वर्षी भाड्याचा ड्रम सर्वांत शेवटी तांड्याकडे येतो, तोवर हळद काळवंडते. ड्रमसाठी जागाही आखून ठेवली आहे. मिराबाईनं चुन्याची रेघ मारली.

सूर्यकांत बसस्टँडवर दिसला. म्हटलं, "भाव चढतोय, तुझे साहेब खूश असतील." तो म्हणाला, "हो ना." चेहरा उतरलेला. जागरण होत असेल. बायको गरोदर आहे त्याची.

२८ सप्टेंबर, सोमवार. दसरा

सोनं द्यायला सूर्यकांत आला नाही. पहिल्यांदाच. फोन बंद.

३० सप्टेंबर, बुधवार

त्याच्या माडीला कुलूप. खालचा पानवाला म्हणाला, "आठ दिवस झाले. नांदेडवालाही पळाला म्हनतेत." घरी गेले. त्याच्या बायकोनं दार अर्धं उघडलं. "पुण्याला गेलेत, मावशी." आणि रडू लागली. मी परत फिरले.

१ ऑक्टोबर, गुरुवार

हिंगोली. देविदास आज हसला नाही. कम्प्युटर माझ्याकडे वळवला.

"बाई, हे तुमचं नाव न्हाई."

तिथे सांगलीच्या कुणा व्यापाऱ्याचं नाव होतं.

"पण माल इथेच आहे."

"माल हाय की. पर तुमचा न्हाई. वीस सप्टेंबरच्या आधीच त्याच्या नावावर चढला. निवडनूक झाली की त्याच्या गाड्या येनार हायेत."

मी म्हटलं, पोत्यांवरचे टाके बघ. तो हळूच म्हणाला, "तकलीफ मला बी होती. पर मी कोनाची पोती सोडू? मशीनवर जेचं नाव तेला सोडावं लागतं. न्हाईतर माझीच नोकरी."

चूक त्याची नाही. मी तिथे असते तर मीही तेच केलं असतं. तीस वर्षं तेच केलं.

पोस्टात एक बाई यायची. मुलानं पाठवलेलं पार्सल, पावती हरवलेली. पार्सलावर तिच्या मुलाचं अक्षर तिला ओळखू यायचं. मी दिलं नाही. आज बसमध्ये तिचा चेहरा आठवत होते, आठवला नाही.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

मिराबाई आली. मी लिफाफा दाखवला. तिनं शिक्के मोजले. पाणी प्यायली. गेली.

मी सांगितलं नाही.

५ ऑक्टोबर, सोमवार

आता सांगितलंच पाहिजे म्हणून तिला आणि गुलाबसिंगला घेऊन हिंगोलीत रणजीत वकिलांकडे गेले; बसमध्ये दोघांना सगळं सांगितलं. तरुण आहेत, पण नीट बोलतात. माझ्याकडच्या कागदांच्या प्रतींचा गठ्ठा त्यांनी चाळला आणि शेवटचा स्टॅम्प पेपर वर काढला.

"बाई, ही सही तुमची?"

"माझी."

"सुरेख आहे. हे मुखत्यारपत्र आहे. तुमच्या खात्यातला माल दलालानं हवा तेव्हा, हवा तिकडे हलवावा, असा अधिकार तुम्ही दिलात. त्यानं तो स्वतःच्या सौद्यात घातला. भाव पडेल म्हणून त्यानं पैज लावली होती. भाव चढला, तेव्हा तोटा भरायला तुमचा माल सांगलीवाल्याला गेला."

म्हणजे आम्ही पावसाळाभर ज्या भावानं हसत होतो, त्यानंच घात केला.

मी ट्रंकेतून आणलेला लिफाफा टेबलावर ठेवला. "पण किल्ली माझ्याकडे आहे. उघडलेलीसुद्धा नाही."

वकील लिफाफ्याकडे बघत राहिले. लाखेकडे. हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत.

"बाई, पूर्वी ताबा म्हणजे कागद हातात असणं. आता कागदच नाही. मग ताबा कोणाचा? ज्याला तो आकडा एका खात्यातून दुसऱ्यात सरकवता येतो त्याचा. हा क्रमांक नुसता खातं बघण्यासाठी होता. उघडून पाहिलं असतं तर जुलैतच दिसलं असतं."

जुलैत दिसलंच होतं. शून्य. मी ते पोत्यांवर जाऊन तपासलं.

"आणि तो सांगलीवाला?" गुलाबसिंगनं विचारलं.

"त्याला यातलं काही ठाऊक नाही. त्यानं पैसे मोजून घेतला. त्याचा हक्क पक्का."

"मंग चोर कोन?"

"नांदेडचा. तो सापडला तर. त्याच्याकडे काही उरलं असेल तर."

मी विचारलं, अशा पावत्यांचा कायदा नाही का. आहे म्हणाले. दोन हजार सात साली मंजूर झाला. पण लागू कधीपासून, ती तारीख सरकारनं अजून काढलेली नाही. शिक्का मारला आणि तारीख नाही, असं पोस्टात कधी झालं नाही.

मिराबाई सगळा वेळ जमिनीकडे बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुमी वाचलं नव्हतं, बाई?"

"चार पानं वाचली."

"आन् सह्या?"

"बावीस."

तिनं मान हलवली. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

६ ऑक्टोबर, मंगळवार

लाख फोडली. सर्वांसमोर उघडायचा ठरला होता. मिराबाई आणि मी, दोघीच होतो. नेट कॅफेत भारनियमन संपेपर्यंत दीड तास बसलो. तिथल्या मुलीनं, पूजा तिचं नाव, नंबर टाकला.

"आजी, हा चालत नाही. ठरलेल्या मुदतीत एकदा तरी वापरायला लागतो. बंद पडला."

"उघडला नाही म्हणून बंद पडला?"

"हो."

मिराबाईला पुन्हा सांगितलं, म्हणजे तिनं ऐकलं होतंच. ती म्हणाली, "दूध झाकून ठिवलं तरी नासतं, बाई. मधून मधून उघडावं लागतं."

८ ऑक्टोबर, गुरुवार

पोलीस ठाणं. अर्ज घेतला, शिक्का दिला. "सगळे बंदोबस्ताला आहेत, ताई. मतदान होऊ द्या." अर्जात मी एकही खाडाखोड केलेली नाही. त्याचा कोणाला काय उपयोग.

रणजीत वकील म्हणाले, गाड्या थांबवण्याचा हुकूम मागता येईल, पण आधी दिवाळीची सुट्टी, आणि माल ज्याचा आहे तो निर्दोष. मी म्हटलं, मागा. ते म्हणाले, मागतो. मिळणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

१४ ऑक्टोबर, बुधवार

गाड्या आल्या. दोन.

बायका सकाळपासून गोदामाच्या फाटकाशी बसल्या होत्या. सव्वीस नव्हत्या, एकोणीस. बाकीच्या कापसाला गेल्या. सांगलीचा मुनीम सभ्य माणूस. त्यानं मला नमस्कार केला, आपला कागद दाखवला. मी वाचला. पूर्ण. त्यात काही चूक नव्हती.

हमालांनी पोती उचलली. प्रत्येक पोतं फाटकातून जाताना जिचा टाका ती उभी राहायची, हात लावायची, बसायची. मंजुळाबाईला दिसत नाही नीट. ती प्रत्येक पोत्याला उठत होती.

मुनीमानं विचारलं, "यांचं काय आहे?" मी सांगितलं. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "बाई, आमच्या शेठनं तर पैसे भरलेत हो."

"माहीत आहे."

गुलाबसिंग ड्रायव्हरला दोर आवळायला मदत करत होता. मी म्हटलं, तू कशाला? तो म्हणाला, "ढिला बांधला बाई. माळेगावच्या उतारावर सांडंल." आणि गाठ मारली, त्यांच्या पद्धतीची.

गाड्या गेल्यावर देविदासनं गोदाम झाडलं. झाडणावर हमालांचा हक्क असतो. त्यानं त्यातून हळदीच्या कांड्या निवडल्या, ओंजळ भरली, मिराबाईपुढे धरली.

ती म्हणाली, "हे कोनाच्या नावावर हाय?"

तिनं पदर पुढे केला.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या लक्ष्मीपूजन. आज ती येणार नाही असं धरून चालले होते. आली. पायरीवर बसली. मी पाणी दिलं.

ड्रमसाठी मारलेल्या चुन्याच्या रेघेवर लेकरं लंगडी खेळतात, म्हणाली. पुढच्या वर्षी हळद लावायची की नाही, तांड्यात दोन मतं आहेत. सात घरं तिच्याशी बोलत नाहीत, कारण माझ्याकडे जायचं तिनंच सुचवलं होतं. हे तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मी म्हटलं, मी तांड्यावर येते, सर्वांसमोर बोलते.

"नगं. अजून नगं."

मग कमरेची पिशवी सोडली. परवाच्या त्या कांड्या, धुऊन आणलेल्या.

"लिफाफा हाय का, बाई?"

दिला. खाकी, मोठा. तिनं एकेक कांडी आत घातली. लिफाफा फुगला, कोपऱ्याला फाटला. मी चिकटपट्टी लावली. तोंड बंद केलं, मेणबत्ती लावली, लाख धरली.

"तीन ठिकानी," ती म्हणाली.

तीन ठिकाणी शिक्का मारला. कांड्यांवर तो नीट बसत नाही. तिसरा शिक्का वाकडा पडला. तिनं लाखेवरून बोट फिरवलं, लिफाफा कानाशी हलवला. या वेळी आवाज आला.

मी पेन काढलं. "नाव कोणाचं लिहू?"

"तुमचंच ल्ह्या, बाई. आमचं कुठं चालतं?"

टोमणा होता का, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी थांबले. ती थांबली नाही. लिफाफा माझ्या मांडीवर ठेवून उठली, पदर झटकला. पायरीवर पिवळं पडलं.

नाव अजून लिहिलेलं नाही. पायरी पुसली. डाग जात नाही.